किशमिशसाठी घर पाहिजे

पिल्लाची जात कोणती, हा प्रश्न प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो. वय, तब्येत, स्वभाव हे सगळे नंतर. फोनवर विचारतात, दारात येऊन विचारतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात घेऊन विचारतात. आमचे उत्तर ठरलेले असते : आई गावठी, बाप माहीत नाही. एक कान उभा राहतो, दुसरा मोडून पडतो. नाक लांबट, पंजे अंगाच्या मानाने मोठे, रंग मनुक्यासारखा. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर पंजे पाहून म्हणाले होते, "बापाकडून लॅब्राडोर असावा." तेवढे ऐकून दोघा-तिघांचे डोळे चमकले. "असावा म्हणजे, आहे की नाही?" असे त्यांनी लगेच विचारले. मुसलमानांत जातपात नाही असे आपण सांगतो आणि रिश्ता जमवताना आधी बिरादरी विचारतो. तेव्हा कुत्र्याच्या बाबतीत लोकांनी ती विचारली म्हणून रागावण्यात काही अर्थ नाही.

दुसरा प्रश्न असतो, नर की मादी? मादी म्हटले की बहुतेक फोन तिथेच संपतात. काही जण सभ्यपणे "घरी विचारून सांगतो" म्हणतात. एकाने मात्र सरळ सांगितले, "मॅडम, मादी म्हणजे दर सहा महिन्यांनी पाच पिल्लं. ती कुठं नेऊन टाकायची?" त्याच्या तोंडून फार खरी गोष्ट निघून गेली होती, कारण हे पिल्लू अशाच कुठेतरी नेऊन टाकलेल्यांपैकी आहे.

ऑगस्ट 2025 ची गोष्ट. धानाची रोवणी संपत आली होती, वैनगंगा दुथडी भरून वाहत होती. आमच्या उर्दू शाळेतल्या सातवीच्या दोन मुलांना शाळेत येताना नाल्याच्या काठावर सिमेंटची रिकामी गोणी हलताना दिसली. गोणीचे तोंड सुतळीने बांधलेले होते. आत तीन पिल्ले, त्यातले एक मेलेले. उरलेली दोन त्या मुलांनी दप्तरातली पुस्तके मित्राकडे देऊन दप्तरात घातली आणि पहिल्या तासाला आमच्या टेबलावर आणून ठेवली. वर्गात त्या दिवशी काय शिकवले ते आठवत नाही. शाळेत ठेवता येणार नाही हे उघडच होते. मधल्या सुट्टीनंतर खर्ड्याच्या खोक्यात घालून आम्ही ती घरी आणली, "दोन दिवसांसाठी" असे सांगून.

आम्ही म्हणजे घरातले चौघे. आम्ही, मुलीचे अब्बा, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई, ज्यांना अख्खा मोहल्ला अम्मी म्हणतो. अम्मींनी खोक्यात पाहिले, ओढणी नाकाला लावली आणि म्हणाल्या, "ये बला कायको लाए घर में?"

दोनपैकी काळा नर जास्त गुबगुबीत होता. वरठीच्या एका ओळखीच्या माणसाने तो दुसऱ्याच दिवशी मागूनही ठेवला होता. चौथ्या दिवशी त्याने दूध सोडले. मग उलट्या, मग रक्ताची हगवण, आणि एक असा वास जो एकदा घेतला की विसरत नाही. डॉक्टरांनी वासावरूनच पार्वो सांगितला. या रोगावर थेट औषध नाही. सलाईन लावून अंगातले पाणी टिकवायचे, उलटी थांबवायची आणि पिल्लू तग धरते का ते पाहायचे. दोन दिवस सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात नेले. तिसऱ्या दिवशी फजरच्या अजानच्या सुमारास ते गेले. मुलीच्या अब्बांनी वाडीत खोल खड्डा खणला, चुना टाकला, सगळी फरशी ब्लिचिंग पावडरने धुऊन काढली, कारण त्या रोगाचे विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतात. मादीलाही हगवण लागली होती, पण ती वाचली. ज्याला गिऱ्हाईक होते तो गेला. जिला कोणी मागत नव्हते ती राहिली.

नाव ठेवायचे नाही असे आम्ही ठरवले होते. नाव ठेवले की जनावर आपले होऊन बसते. पण पाच-सहा वर्षांपासून बकरी ईदच्या बकऱ्यालाही नाव ठेवणारी मुलगी घरात असताना हा ठराव टिकणार कसा? तिने रंगावरून किशमिश म्हटले आणि तेच चालू झाले.

आता मसल्याकडे येऊ, कारण हा मजकूर वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या मनात तोच प्रश्न असणार. कुत्रा ज्या घरात असतो तिथे रहमतचे फरिश्ते येत नाहीत, ही हदीस आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. शिकार, गुरे किंवा शेती यांच्या राखणीखेरीज कुत्रा पाळला तर सवाबमध्ये रोज घट होते, हीही. अम्मींचा विरोध खुळचट नव्हता. त्या पाच वेळच्या नमाजी. ज्या घरात चाळीस वर्षे सजदा केला त्या घराच्या पाकीची त्यांना काळजी होती. आम्ही मोहल्ल्यातल्या इमाम साहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, हनफी मतानुसार कुत्र्याची लाळ नापाक आहे, पण डुकरासारखे त्याचे सगळे अंग मुळातून नापाक मानलेले नाही. कोरडे अंग कपड्याला लागले तर कपडा नापाक होत नाही. लाळ लागली तर धुवा. भांडे वेगळे ठेवा. शौकासाठी पाळू नका. जान वाचवण्यासाठी, थोडे दिवस, राहत्या खोल्यांबाहेर ठेवले तर हरकत दिसत नाही. आमच्या कोकणातल्या शाफई वाचकांना हे सैल वाटेल. त्यांच्याकडे सात वेळा धुणे, त्यातले एक मातीने. उलट इमाम मालिक यांच्या मताचे लोक कुत्र्याला पाकच मानतात आणि भांडे धुण्याचा हुकूम केवळ इबादत म्हणून पाळतात. एकाच दीनमध्ये एवढ्या वाटा आहेत हे मोहल्ल्यात सांगायला गेले की लोक आपल्याकडेच संशयाने बघतात. असो.

तर किशमिशची जागा छपरीत ठरली. गोणीत तणस भरून बिछाना केला. अम्मींची खोली आणि नमाजची जागा यांच्या बाजूचे दार कायम बंद. किशमिशजवळ जायचे कपडे वेगळे, नमाजचे वेगळे. या सगळ्यात सर्वांत शिस्तीत वागली ती किशमिशच. दाराचा उंबरठा तिने आठवड्याभरात ओळखला.

असहाबे कहफचा कुत्रा कोणाला माहीत नाही? कुरआनच्या अठराव्या सूरहमध्ये गुहेत झोपलेल्या त्या तरुणांबरोबर, उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही आहे. किती जण होते हे सांगताना त्यालाही मोजले आहे. परंपरेत त्याचे नाव कित्मीर सांगतात. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून, मोज्यात पाणी भरून पाजणाऱ्याची बख्शिश झाली, ही हदीसही बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आणि मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईच्या अजाबाचीही. हे सगळे आम्ही एका रात्री जेवताना मोठ्या हुरुपाने अम्मींना ऐकवले. त्यांनी ताटातला भात संपवला आणि म्हणाल्या, "किस्से हमको भी मालूम हैं बेटा. पानी पिलाया था उसने. घर में नहीं लाया था."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, अजूनही नाही.

उर्दूवाल्यांचे आणि कुत्र्यांचे नाते तसे गमतीचे आहे. पतरस बुखारी यांचा ‘कुत्ते’ हा विनोदी मजमून वाचून उर्दू वाचकांच्या पिढ्या हसल्या. रात्री घरी परतणाऱ्या माणसाची आणि गल्लीतल्या कुत्र्यांची ती झटापट कोणत्याही गावची असू शकते. त्याच्या हजार वर्षे आधी बगदादमध्ये इब्न अल-मर्जुबान नावाच्या विद्वानाने अरबीत अख्खी किताब लिहिली, तीही कपडे घालणाऱ्या पुष्कळ लोकांपेक्षा कुत्रे कसे श्रेष्ठ आहेत हे दाखवण्यासाठी. वफादारीचे किस्से आणि शेर त्यात गोळा केलेले आहेत. अर्थात तिचा रोख कुत्र्यांपेक्षा त्या काळच्या दोस्तांवर जास्त होता. आणि आपल्या मुंबईत 1832 च्या जूनमध्ये कंपनी सरकारने भटके कुत्रे मारायची मोहीम चालवली तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, बाजार बंद पडला; त्यानंतर दोनच वर्षांत सर जमशेदजी जीजीभॉय आणि सोबतच्या व्यापाऱ्यांनी पांजरपोळ उभी केली. मुंबईचा हा पहिला मोठा दंगा कुत्र्यांवरून झाला, हे आमच्या इतिहास शिकवणाऱ्या सरांनाही ठाऊक नव्हते.

किशमिश आमच्या घरी आली त्याच ऑगस्टमध्ये देशभर कुत्र्यांचीच चर्चा होती. 11 ऑगस्ट 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे उचलून निवाऱ्यात ठेवा, परत सोडू नका, असा आदेश दिला. 22 ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला : नसबंदी करा, लस द्या आणि जिथून उचलले तिथेच सोडा, रेबीज झालेले आणि चवताळणारे मात्र सोडू नका. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा असेल त्यांनी पालिकेकडे अर्ज करावा, पण तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांची. मग 7 नोव्हेंबरला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्टेशने यांच्या आवारातून कुत्रे हटवण्याचा आणि तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये आम्ही "कुत्तेवाली टीचर" झालो.

चिडवणाऱ्यांचा आम्हाला राग येत नाही. आमच्याच वर्गातल्या एका मुलाच्या पोटरीला 2024 मध्ये गल्लीतला कुत्रा चावला होता. नळाखाली पंधरा मिनिटे साबणाने जखम धुवायला लावून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेले. पुढच्या सुयांच्या तारखा त्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून दिल्या, आणि त्या दिवशी तो शाळेत आला तर घरी पिटाळून लावले. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचत नाही, हे जे जाणतात त्यांना कुत्र्याची भीती वाटणारच. अम्मींच्या पिढीला तर पोटात चौदा सुया आठवतात. 2005 नंतर ती जुनी लस बंदच झाली, पण त्या सुयांची दहशत अजून मोहल्ल्यात आहे. मुलांना सुरक्षित चालता आले पाहिजे आणि गोणीत बांधून पिल्ले नाल्यात फेकली जाऊ नयेत, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मागता येतात असे आम्हाला वाटते. वादात मात्र लोक एकीलाच धरतात.

न्यायालयाच्या आदेशातला ‘दत्तक’ हा शब्द आमच्या घरात तसा परकाच. आपल्या शरीअतमध्ये दत्तक नाही. कोणाचे मूल सांभाळले तरी त्याला त्याच्या खऱ्या बापाच्याच नावाने हाक मारायची, असा हुकूम सूरह अहजाबमध्ये आहे. आपल्याकडे किफालत आहे : खायला घालावे, लहानाचे मोठे करावे, पण मालकी सांगू नये. आम्ही किशमिशची किफालत करतो आहोत, असे मुलीचे अब्बा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगतात. त्यांना हा शब्द फार आवडला आहे. पिल्लाला तो आवडला की नाही कळायला मार्ग नाही; पण लसीचे वेळापत्रक, जंताचे औषध, भात, अंडी, दही हे सगळे या शब्दात येते, आणि महिन्याच्या हिशेबात ते वेगळ्या रकान्यात मांडावे लागते.

मागणारे आले नाहीत असे नाही. नागपूरहून एक तरुण मोटारसायकलवर साठ किलोमीटर आला. मोबाइलवर त्याच्याकडे लॅब्राडोरचे फोटो होते. तो किशमिशचा मोडका कान आणि फोटोतले कान आळीपाळीने पाहत राहिला, चहा प्यायला आणि गेला. भला मुलगा होता, खोटे काही बोलला नाही. एका वीटभट्टीवाल्याला राखणीसाठी हवी होती. "दिवसा बांधून ठेवायची, म्हणजे रात्री चिडते," असे तो समजावून सांगत होता. त्याला आम्ही नाही म्हटले. एका मैत्रिणीच्या नणंदेला मुलांना खेळायला पाहिजे होती, दिवाळीपुरती. दिवाळीपुरता आकाशकंदील घ्यावा.

या नकारांच्या दिवसांत सातवीतल्या एका मुलीने वर्ग सुटल्यावर दाराशी थांबून विचारले, "टीचर, मादी है इसलिए नहीं लेते क्या?" तिच्या घरी चार बहिणी आहेत. आम्ही म्हटले, "जल्दी मिल जाएगा घर." तिने मान हलवली. प्रश्नाचे उत्तर हे नव्हते हे तिलाही कळले असावे.

सर्वांत चांगले ठिकाण आले ते कोक्याच्या जंगलाकडच्या एका गावातून. मुलीच्या अब्बांचे दूरचे चुलतभाऊ तिथे धान करतात; आठ-दहा बकऱ्या आहेत. बांधीत रात्री रानडुकरे घुसतात, म्हणून त्यांना कुत्रा पाहिजेच होता. शेती आणि गुरांची राखण म्हणजे हदीसमधली सवलत आपोआप लागू. अम्मींनी लगेच शुक्र अदा केला. माणसे प्रेमळ, जागा मोकळी, बांधणार नव्हते. नसबंदी आपण करून देऊ म्हटल्यावर "बरं झालं" म्हणाले. सगळे ठरले. निघता निघता आम्ही सहज विचारले, "भाईजान, आधीचा कुत्रा कुठे गेला?"

"बिबट्या ले गया," ते म्हणाले. "उसके पहलेवाले को भी."

त्यांच्या बोलण्यात निष्काळजीपणा नव्हता. कोका अभयारण्य 2013 पासून आहे, बिबटे त्याच्या फार आधीपासून आहेत, आणि अंगणात झोपलेला कुत्रा हे बिबट्याचे नेहमीचे भक्ष्य. रात्री घरात घेणार का, असे आम्ही विचारले. भाईजानांनी अम्मींकडे पाहिले. घरात कसे घेणार? तेही नमाजी. आम्ही त्यांच्या जागी असतो तर आम्हीही हेच म्हटले असते, कारण आम्ही तरी किशमिशला छपरीच्या आत कुठे घेतले होते? फरक एवढाच की खात रोडच्या बाजूला बिबट्या येत नाही.

त्या रात्री घरात पहिल्यांदा कुत्र्यावरून खरोखर वाद झाला. मुलीचे अब्बा म्हणाले, जंगलाकाठचे सगळेच कुत्रे मरत नाहीत. मोकळे जगणे, कामाला येणे यालाही काही किंमत आहे. मुलगी रडली. आम्ही म्हटले, पार्वोतून वाचवलेले जनावर उघड्यावर झोपायला द्यायचे नाही. गोठ्याला दार लावा, जाळी लावा, मग न्या. अम्मी काहीच बोलल्या नाहीत. सकाळी त्यांनीच चुलतभावाला फोन लावला. "गोठे को दरवाजा लगाओ पहले," एवढेच सांगून त्यांनी फोन ठेवला. धान विकले की लावतो, असे तिकडून उत्तर आले. धान विकले गेले, पैसे ट्रॅक्टरच्या हप्त्याला गेले. शेतकऱ्याच्या घरी दार लागायला किती दिवस लागतात हे भंडाऱ्यात कोणाला सांगावे लागत नाही.

रमजानच्या आधी घर शोधा, अशी अम्मींची अट होती. दरम्यान नागपूरला नेऊन नसबंदी करून आणली. पोटावरचे टाके चाटू नये म्हणून गळ्यात प्लास्टिकचा नरसाळ्यासारखा पट्टा होता. तो दाराला आपटत ती दहा दिवस फिरत होती. रमजान आला. घर मिळाले नव्हते. अम्मी रागावतील असे वाटले होते, पण त्या विषयावर त्या बोलल्याच नाहीत. सेहरीच्या वेळी किशमिश कोणाच्या आधी उठून छपरीत उभी राहायची, भुंकायची नाही. पाचव्या की सहाव्या रोजाला आम्ही पाहिले, अम्मी उरलेल्या पोळीचे तुकडे लांबून, हात न लागू देता, मातीच्या वाडग्यात टाकत होत्या. वाडगा त्यांनीच बाजारातून आणला होता. "जूठा बर्तन अलग रहना," असे त्यांनी आमच्याकडे न बघता सांगितले. त्यांचे मत बदलले असे कोणी समजू नये. घरात त्या तिला अजून येऊ देत नाहीत, आणि फरिश्त्यांबद्दल त्यांना जे वाटते ते तसेच वाटते.

मध्यंतरी साकोलीकडून एका निवृत्त परिचारिका बाईंचा फोन आला. एकट्या राहतात, कंपाउंडची भिंत उंच आहे. त्यांनी जात विचारली नाही. काय खाते, पायऱ्या चढते का, फटाक्यांना घाबरते का, हे विचारले. आम्ही विचारले, तुम्ही आजारी पडलात किंवा मुलाकडे गेलात तर तिला कोण बघेल? बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "याचा विचार करून कळवते." अशा विचाराला वेळ घेणारे माणूस आम्हाला पसंत आहे. अजून त्यांचे कळवणे झालेले नाही. चुलतभावानेही गोठ्याच्या दाराचे माप सुताराला दिले आहे म्हणे.

वाचकांपैकी कोणाला हवी असेल तर सांगून ठेवतो : पार्वो-डिस्टेंपरच्या लसी झाल्या आहेत, रेबीजची झाली आहे आणि ती दर वर्षी द्यावी लागेल, नसबंदी झालेली आहे. भात खाते, दुधाने पोट बिघडते. मुलांमध्ये वाढली आहे, बकऱ्यांच्या अंगावर जात नाही, कोंबड्यांचा भरवसा देता येत नाही. उंबरठा ओलांडत नाही. लसीच्या कार्डावर मालकाचे नाव लिहायची जागा आहे. तिथे डॉक्टरांनी आमचे नाव पेन्सिलीने लिहिले आहे.